वेलेन येथील डोंगरउताराचा द्राक्षमळा

वडिलार्जित जमिनीची वाटणी झाली कीं शेती बुडाली, असें आपल्याकडे सर्रास मानलें जातें. आणि पुष्कळ ठिकाणीं तें खरेंही आहे. परंतु जर्मनींतील मोझेल नदीच्या कांठीं प्र्यूम घराण्याच्या द्राक्षमळ्याची १९११ सालीं सात वारसांत वाटणी झाली, आणि त्यांतील एका हिश्श्यांतून जगांतील अत्यंत नांवाजलेल्या द्राक्षमळ्यांपैकीं एक उभा राहिला. हें कसें घडलें, हें प्रत्येक खातेदारानें पाहण्यासारखें आहे. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा येथें हेतु नाहीं. जमीन, वेल, माल व घरची व्यवस्था एवढ्यापुरतेंच आपणांस पाहावयाचें आहे.

वेलेन हें लहानसें गांव मोझेलच्या डाव्या तीरावर आहे. गांवचा उत्तम मळा मात्र समोर, उजव्या तीरावरील डोंगराच्या उतारावर आहे. उतार इतका खडा कीं कित्येक जागीं शंभर फूट आडव्या अंतरांत साठ-सत्तर फूट चढ भरतो. माती म्हणावी अशी थोडीच. सर्वत्र मुलांच्या पाटीचा जो दगड असतो, त्याच्या कपच्या पसरलेल्या आहेत. आपला शेतकरी असली जमीन पडीत म्हणून सोडून देईल. परंतु नाशिक २० अक्षांशावर आहे, तर वेलेन ५० अक्षांशाच्या जवळ. तेथें पाण्यापेक्षां उन्हाची टंचाई हीच मोठी अडचण. उताराचें तोंड दक्षिण-नैर्ऋत्येस असल्यामुळें सूर्याचे किरण त्यावर सरळ पडतात. दगडी कपच्या दिवसा तापतात व रात्रीं ऊब सोडतात. खालची नदी थंडीचा कडाका मोडते. पावसाचें पाणी कपच्यांतून झपाट्यानें निचरतें व मुळें खडकाच्या फटींत खोल शिरतात. जी जमीन धान्यास नालायक, तीच द्राक्षास सोन्यासारखी ठरली, ती या कारणांमुळें.

मेहनत मात्र जबर आहे. प्रत्येक वेल स्वतंत्र खांबास बांधावयाचा, काड्या दोन्ही बाजूंस वाकवून पत्त्यांतील बदामासारखा आकार द्यावयाचा, आणि छाटणी, बांधणी, काढणी हीं बहुतेक कामें हातानेंच करावयाचीं. पावसानें घसरलेल्या कपच्या पूर्वीं टोपल्यांत भरून पाठीवरून पुन्हा वर नेत. याच मजुरांस वेळ कळावी म्हणून योडोकुस प्र्यूम यानें १८४२ सालीं उतारावरील खडकावर छायायंत्र, म्हणजे सूर्यघटिका, बसविली. पुढें त्या जागेसच ‘झोननऊर’, म्हणजे सूर्यघटिका, हें नांव पडलें व आज त्याच नांवानें तेथील माल विकला जातो.

आतां वाटणीकडे वळूं. हा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यांत असतांना १८०३ पासून पुढें मठांच्या व धर्मसंस्थांच्या उत्तम जमिनी लिलावांत निघाल्या व गांवच्या ऐपतदार कुटुंबांनीं त्या घेतल्या. फ्रेंचांनीं १८०४ चा दिवाणी कायदाही आणला. त्यान्वयें सर्व मुलांस, मुलींसही, सारखा वांटा मिळूं लागला. मुलूख पुढें प्रशियाकडे गेला, तरी तो कायदा १८९९ अखेरपर्यंत चालू होता, आणि वहिवाट त्यानंतरही राहिली. परिणाम आपल्या परिचयाचाच झाला: एकेका कुटुंबाच्या ओळी उतारावर दहा ठिकाणीं विखुरल्या. आपल्या इकडे यावर उपाय म्हणून १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला, हें वाचकांस ठाऊक आहेच.

प्र्यूम घराण्याच्या बाबतींत दोन गोष्टी तारक ठरल्या. पहिली, जमिनीची प्रत. प्रशियाच्या सरकारनें सारा ठरविण्यासाठीं या उतारांची उत्पन्नावरून प्रतवारी केली होती, व १८६८ सालीं तिचा नकाशाही छापला गेला. अव्वल प्रतीच्या जमिनीचा लहान तुकडाही किंमत राखून असतो. दुसरी गोष्ट नांवाची. १९११ नंतर प्र्यूम हें आडनांव लावणाऱ्या अनेक पेढ्या झाल्या. योहान योझेफ प्र्यूम यानें आपल्या हिश्श्याचा माल स्वतःच्या पूर्ण नांवानें विकण्यास आरंभ केला. त्याचा पुत्र सेबास्टियान यानें १९२० पासून मळ्यांत लक्ष घातलें, आणि त्याच्या कारकीर्दींत ‘योह. योस. प्र्यूम’ हीं अक्षरें पाहून ग्राहक माल मागूं लागला. सेबास्टियान १९६९ सालीं वारल्यावर मॅनफ्रेड, व त्याच्यामागून त्याची कन्या कॅथारिना, यांनीं कारभार पाहिला. दोघेही कायद्याचे पदवीधर. मळा आज सुमारें पन्नास एकर असून त्याच एका नांवाखालीं आहे.

येथें पिकणारी जात एकच, रीसलिंग. ती उशिरां पिकते व थंड हवेंत तिची आंबटाई टिकते. रसाच्या गोडीचें माप सोपें आहे: एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षां जितके ग्रॅम जड, तितके अंश. कमी गोडीच्या घडांपासून ‘काबिनेट’, त्याहून पक्व घडांपासून ‘श्पेटलेझ’, निवडक घडांपासून ‘आउसलेझ’ असे चढते प्रकार होतात. सर्वांत वरचा प्रकार विशिष्ट बुरशीनें वेलावरच सुकून बेदाण्यासारख्या झालेल्या मण्यांचा. तेथें १५० अंश गोडी लागते. हे मणी एक-एक करून वेंचतात, आणि हवा बिघडली तर त्या वर्षीं कांहींच हातीं लागत नाहीं. बहुतेक मालांत सर्व साखर आंबूं देत नाहींत. त्यामुळें मद्यार्क बराच कमी, शेंकडा आठ-नऊच्या आसपास, राहतो, व गोडी आणि आंबटाई यांच्या जोरावर माल बाटलींत दशकानुदशकें सुधारत जातो. निवडक माल दरवर्षीं ट्रीअर येथील लिलावांत विकला जातो.

मुळांस लागणारी फिलॉक्सेरा ही अमेरिकेची कीड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपभर पसरली, तेव्हां बहुतेक मळे अमेरिकन खुंटांवर कलम करून पुन्हा लावावे लागले. आपले बागाइतदार डॉगरिजचा खुंट क्षार व पाण्याची टंचाई यांसाठीं वापरतात. तेथें कारण निराळें. पाटीच्या दगडांत ही कीड सहज पसरत नाहीं, म्हणून प्र्यूम यांचे बरेचसे जुने वेल अद्याप स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. आणि येथें विखुरलेपणाची एक विचित्र बाजू दिसते. मोझेलच्या अनेक गांवीं सरकारनें तुकड्यांचें एकत्रीकरण करून रस्ते काढले, परंतु त्यासाठीं जुने वेल उपटावे लागले. जेथें एकत्रीकरण झालें नाहीं, तेथें काम अवघड राहिलें, पण जुने वेल वांचले. कोणता सौदा बरा, हें प्रत्येक गांवाच्या जमिनीवर अवलंबून आहे. मजुरीचे दर चढल्यावर मोझेलकांठचे कित्येक खडे उतार विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ओस पडत गेले. तेथें आतां झुडपें माजलीं आहेत, आणि त्यांतले कांहीं एकेकाळीं चांगल्या प्रतीचे गणले जात.