कादंबरी सातव्या प्रकरणात अडली आहे…

प्रश्न : कादंबरीची सहा प्रकरणं झाली, पुढे वर्षभर ओळही सुचत नाही. वही उघडली की अपराधी वाटतं. नाद सोडावा का?

उत्तर : सोडू नये. अडलेलं लिखाण म्हणजे आळसाचा पुरावा नव्हे. जे. आर. आर. टॉल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला डिसेंबर 1937 मध्ये सुरुवात केली, पुस्तक छापून आलं 1954-55 मध्ये. मध्ये प्राध्यापकी, महायुद्ध आणि कागदाची टंचाई. काही मजकूर तर विद्यार्थ्यांच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेला. मोरियाच्या खाणीत, बालिनच्या थडग्यापाशी कथा थांबली ती जवळजवळ वर्षभर. पुढे काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मराठीतही हेच. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 ची, तर कित्येक वर्षं मनात घोळलेली ‘हिंदू’ आली 2010 मध्ये. अरुण कोलटकरांच्या 1977 च्या मराठी संग्रहानंतर ‘भिजकी वही’ यायला 2003 उजाडलं. ही वर्षं वाया गेली, असं कोण म्हणेल?

या वाचकाने आधी सहाही प्रकरणं पेन हातात न घेता, सलग वाचावीत. खाडाखोड नंतर. बरेचदा गाठ सातव्यात नसून चौथ्या-पाचव्यात बसलेली असते. एखादं पात्र लेखकाच्या सोयीसाठी वागलेलं असतं.

हेमिंग्वे पुढचं सुचत असतानाच दिवसाचं काम थांबवत. तसं करून पाहावं : रोज अर्धं पान, आणि शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धवट.