परदेशप्रवासापूर्वीची आरोग्यविषयक सिद्धता

शिक्षण, नोकरी, व्यापार, तीर्थयात्रा अशा विविध निमित्तांनी परदेशी जाणे आता केवळ मोठ्या शहरांतील लोकांपुरते मर्यादित राहिलेले नाही. कोकणातील खलाशी पूर्वापार सागरपार जात आलेच आहेत. आज लहान गावातील तरुणही पारपत्र काढतो. पारपत्र, व्हिसा व तिकीट यांची जुळवाजुळव तो काळजीपूर्वक करतो. लस मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत राहून जाते. ही दिरंगाई किती महाग पडू शकते, हे पीतज्वराच्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

पीतज्वर हा विषाणूजन्य रोग आफ्रिकेच्या उष्ण कटिबंधात तसेच मध्य व दक्षिण अमेरिकेतील काही देशांत आढळतो. त्यावर नेमके औषध नाही. लस मात्र अत्यंत प्रभावी आहे. या लशीच्या संशोधनाबद्दल मॅक्स थायलर यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात हा रोग नाही. परंतु तो फैलावणारा एडिस इजिप्ती हा डास आपल्याकडे सर्वत्र आहे. डेंग्यू पसरविणारा हाच डास घरातील रांजणांत, उघड्या टाक्यांत व जुन्या टायरांत वाढतो. म्हणजे वाहक हजर आहे, उणीव आहे ती केवळ विषाणूची. म्हणूनच पीतज्वराच्या देशातून सहा दिवसांच्या आत येथे पोहोचणाऱ्या प्रवाशाजवळ वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्यात येते. हा नियम स्वदेशी परतणाऱ्या भारतीयांनाही लागू आहे.

हे प्रमाणपत्र लस टोचल्यापासून दहा दिवसांनी वैध होते. ऐनवेळी टोचलेली लस कामास येत नाही. पूर्वी त्याची मुदत दहा वर्षे होती. ११ जुलै २०१६ पासून ते आजीवन ग्राह्य धरले जाते. लस शासनमान्य पीतज्वर लसीकरण केंद्रातच घ्यावी व प्रमाणपत्रावरील नाव पारपत्राशी जुळत असल्याची खात्री करावी. नऊ महिन्यांखालील बालके, गर्भवती स्त्रिया, साठीपुढील व्यक्ती, अंड्याचे तीव्र वावडे असणारे वा प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांच्या बाबतीत आधी वैद्यकीय सल्ला आवश्यक आहे.

हज यात्रेकरूंसाठी मेनिंगोकॉकल मेंदूज्वराची लस बंधनकारक असून तीही आगमनापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते. आफ्रिकेत जाणाऱ्यांनी हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. नेहमीची औषधे चिठ्ठीसह हातातील सामानात ठेवावीत. परतल्यावर ताप आल्यास प्रवासाची माहिती डॉक्टरांना प्रथम सांगावी.

ही सारी तयारी प्रस्थानापूर्वी चार ते सहा आठवडे सुरू झाली पाहिजे. गावातून कोणी परदेशी निघाला, की शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्यास वेळीच ही आठवण द्यावी. प्रवाशाने टोचून घेतलेली लस त्याच्याइतकीच त्याच्या गावाचेही रक्षण करते. आणि साचलेले पाणी रिकामे करणारे गाव त्या रक्षणास हातभार लावते.