मॅन्युअल वाचा... पण कोणत्या व्हर्जनचं?

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. मंडळाची अट अशी की मराठी विभागात एकही अक्षर रोमन लिपीत नको. म्हणून खाली सगळ्या कमांड्स देवनागरीत आहेत. टाइप करताना मात्र त्या इंग्रजीतच करा, नाहीतर शेल ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणेल आणि बिल माझ्या नावावर फाटेल.

आता गोष्ट. सेकंड इयरची ऑपरेटिंग सिस्टिम्सची प्रॅक्टिकल परीक्षा. मी चिठ्ठी उचलली: युजरने दिलेली व्हॅल्यू नंबर आहे की नाही हे तपासणारी शेल स्क्रिप्ट लिहा. मनात म्हटलं, जॅकपॉट! ही स्क्रिप्ट आमच्या लॅब मॅन्युअलमध्ये जशीच्या तशी आहे आणि मला ती कॉमासकट पाठ होती. पाच मिनिटांत टाइप करून रन केली. ४२ दिलं. स्क्रीनवर आलं, ‘नॉट अ नंबर’. परत ४२ दिलं. परत तेच.

एक्स्टर्नल सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “काय गं, बेचाळीस हा आकडा नाही का?” बेचाळीस म्हणजे फॉर्टी-टू हे कळायला मला दोन सेकंद लागले, ते वेगळंच. मी म्हटलं, “सर, लॅब मॅन्युअलमध्ये असंच आहे.” त्यांनी शांतपणे विचारलं, “कोणत्या व्हर्जनचं मॅन्युअल?” मी गप्प. मॅन्युअलला व्हर्जन असतं हेच मला माहीत नव्हतं. मार्क जायचे ते गेले, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

मॅन्युअल हा युनिक्सचाच भाग

आपण आधी प्रोग्रॅम करतो आणि डॉक्युमेंटेशन सबमिशनच्या आदल्या रात्री. युनिक्सवाल्यांचं तसं नव्हतं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्सचं काम सुरू केलं. ‘युनिक्स प्रोग्रॅमर्स मॅन्युअल’च्या पहिल्या आवृत्तीवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. शेलचं पान तेव्हापासून त्यात आहे. नाव, वापरायची पद्धत, वर्णन, संबंधित फाइल्स, ‘हेही पहा’ असे ठरलेले मथळे, आणि त्यात एक मथळा ‘बग्स’! म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये काय चुकतं हे लिहिणाऱ्यानेच छापून द्यायचं. आपल्याकडे जर्नलमध्ये ‘रिझल्ट: सक्सेसफुली एक्झिक्युटेड’ याच्याशिवाय दुसरं काही लिहायची पद्धतच नाही.

आज लिनक्सवर आपण बहुतेक जण वापरतो तो शेल म्हणजे बॅश. स्टीफन बोर्न यांचा बोर्न शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. त्या नावावर कोटी करून ब्रायन फॉक्स यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी लिहिलेल्या शेलचं नाव पडलं ‘बोर्न अगेन शेल’, म्हणजेच बॅश. तो १९८९ साली बाहेर आला. पुढे अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातले चेट रेमी यांनी त्याची देखभाल हातात घेतली आणि तीस वर्षांहून जास्त काळ ती चालू ठेवली. ‘बॅश रेफरन्स मॅन्युअल’वर लेखक म्हणून याच दोघांची नावं आहेत.

एक शेल, तीन पुस्तकं

मला वाटायचं, ‘मॅन बॅश’ म्हणजेच मॅन्युअल. नाही. बॅशचं वर्णन तीन ठिकाणी आहे.

पहिलं, मॅन पेज. हे ट्रॉफ नावाच्या जुन्या टाइपसेटिंग भाषेत लिहिलेलं असतं. एकच लांबलचक पान, स्क्रोल करता करता बोट दुखेल असं. दुसरं, रेफरन्स मॅन्युअल. हे टेक्सइन्फो नावाच्या जीएनयूच्या पद्धतीत लिहिलेलं असतं. त्यात ॲट-चिन्हाने (@) सुरू होणाऱ्या खुणा असतात: इथे नवा विभाग सुरू, हा शब्द कोड म्हणून दाखवा, ही नोंद सूचीत घ्या, वगैरे. एकाच मूळ फाइलमधून टर्मिनलवर वाचायची इन्फो फाइल, एचटीएमएल आणि छापायची पीडीएफ अशा तिन्ही गोष्टी तयार होतात. तिसरं, ‘हेल्प’ ही कमांड. ‘हेल्प सीडी’ असं टाइप केलं की जे दिसतं ते शेलच्या आतच भरलेलं असतं. तो मजकूर सोर्स कोडमध्ये त्या त्या बिल्ट-इन कमांडच्या फाइलमध्येच, कोडच्या शेजारी लिहिलेला असतो.

तिघांमध्ये मतभेद झाला तर कोणाचं खरं? रेफरन्स मॅन्युअलच्या सुरुवातीलाच सांगितलंय की शेलच्या वागण्याबद्दल अंतिम शब्द मॅन पेजचा. म्हणजे मोठं पुस्तक नम्रपणे म्हणतं, शंका आली तर धाकट्याला विचारा.

अपडेट करायचं म्हणजे नक्की काय?

एक सोपं उदाहरण घेऊ. बॅश ५.० जानेवारी २०१९ मध्ये आला. त्यात ‘इपॉकसेकंड्स’ नावाचा नवा व्हेरिएबल होता. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते तो सांगतो. मला वाटलं, मॅन्युअलमध्ये एक ओळ टाकली की झालं. पण ती नोंद नीट वाचा. त्यात तीन गोष्टी आहेत. तो काय देतो. त्याला तुम्ही व्हॅल्यू द्यायला गेलात तर ती दुर्लक्षिली जाते. आणि एकदा ‘अनसेट’ केला की त्याचं खास वागणं कायमचं जातं, पुन्हा सेट केलात तरी परत येत नाही. पहिली गोष्ट सगळेच लिहितील. दुसरी आणि तिसरी तोच लिहील ज्याने ‘वाचणारा काय काय उद्योग करेल’ याचा विचार केलाय.

बरं, हीच नोंद मॅन पेजमध्ये हवी, टेक्सइन्फोमध्ये हवी, दोन्हीकडे वर्णानुक्रमे योग्य जागी हवी आणि सूचीतही हवी. रेफरन्स मॅन्युअलच्या शेवटी पाच वेगवेगळ्या सूची आहेत: बिल्ट-इन कमांड्स, राखीव शब्द, व्हेरिएबल्स, फंक्शन्स आणि संकल्पना. सूचीत नाव नसेल तर नोंद असून नसल्यासारखीच. शिवाय ‘न्यूज’ नावाच्या फाइलमध्ये या व्हर्जनमध्ये नवीन काय आलं हे लिहायचं, आणि ‘चेंजेस’ नावाच्या फाइलमध्ये बारीकसारीक बदल. शेवटी मॅन्युअलची आवृत्ती आणि तारीख बदलायची. मॅन्युअलच्या आवृत्तीचा नंबर शेलच्या व्हर्जनशी जुळवलेला असतो. म्हणजे एक्स्टर्नल सरांच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच पानावर छापलेलं होतं, आणि आम्ही थेट प्रोग्रॅमच्या पानावर उडी मारत होतो.

माझं ४२ कुठे चुकलं?

दोन चौकोनी कंसांच्या टेस्टमध्ये =~ हा ऑपरेटर वापरून स्ट्रिंग एखाद्या रेग्युलर एक्स्प्रेशनशी जुळते का ते बघता येतं. हा ऑपरेटर बॅश ३.० मध्ये, म्हणजे २००४ साली आला. तेव्हा उजव्या बाजूचा पॅटर्न तुम्ही अवतरणचिन्हात टाकलात काय किंवा नाही टाकलात काय, तो पॅटर्नच समजला जायचा. २००६ साली ३.२ आलं आणि नियम बदलला. आता अवतरणचिन्हात टाकलेला भाग अक्षरशः घेतला जातो. म्हणजे ‘एक किंवा जास्त अंक’ असा अर्थ न लावता शेल ते कंस, तो डॅश आणि ते अधिकचिन्ह खरोखर इनपुटमध्ये शोधतं. ४२ मध्ये कंस कुठून येणार? म्हणून ‘नॉट अ नंबर’.

आमच्या लॅब मॅन्युअलमधली स्क्रिप्ट बहुधा ३.२ च्या आधी कोणीतरी लिहिलेली. तेव्हा ती बरोबरच होती! लिहिणाऱ्याची चूक नव्हती. त्यानंतर प्रत्येक बॅचने झेरॉक्स काढली, पण रन करून कोणी बघितली नाही. उपाय एका ओळीचा आहे: पॅटर्न आधी एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि =~ च्या उजवीकडे तो व्हेरिएबल अवतरणचिन्हांशिवाय वापरायचा. दोन्ही काळांत चालतं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. रेफरन्स मॅन्युअल हे त्या व्हर्जनचं वर्णन असतं, इतिहास नाही. ‘हे फीचर अमुक व्हर्जनपासून’ असं त्यात सहसा लिहिलेलं नसतं. ते हवं असेल तर ‘न्यूज’ फाइल उघडावी लागते. याचा फटका मॅकवाल्यांना फार बसतो. बॅश ४.० पासून (२००९) लायसन्स जीपीएलची तिसरी आवृत्ती झालं आणि ॲपलने आपल्या मशीन्सवर बॅश ३.२ वरच ठेवलं. २०१९ मध्ये तर त्यांनी डीफॉल्ट शेल म्हणून झेड-शेल घेतला. ४.० मध्ये आलेले असोसिएटिव्ह अ‍ॅरे नव्या मॅन्युअलमध्ये वाचून तुम्ही मॅकच्या मूळ बॅशवर चालवायला गेलात तर एरर येणारच. दोष मॅन्युअलचा नाही, दुसऱ्या घराचा नकाशा घेऊन आपल्या घरात फिरण्याचा आहे.

मग मीच चूक केली

थर्ड इयरला आल्यावर मी लॅबच्या सरांना म्हटलं, “सर, ते मॅन्युअल अपडेट करायला हवं.” इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये अशा वाक्याचं एकच उत्तर असतं. “छान, तूच कर.”

केलं. सगळ्या स्क्रिप्ट्स माझ्या लॅपटॉपवर रन केल्या. हौसेने एक नवीन प्रयोगही टाकला: वेब पेजसाठी मजकूर तयार करताना ‘लहान’ चिन्हाच्या (<) जागी त्याचा एचटीएमएल कोड टाकायचा. हा कोड & ने सुरू होतो. बॅशच्या ‘शोधा आणि बदला’ पद्धतीने एका ओळीत काम. लॅपटॉपवर मस्त चाललं.

दोन आठवड्यांनी ज्युनियर्स माझ्यासमोर उभे. “ताई, & गायब होतोय आणि < परत येतोय.” माझ्या लॅपटॉपवर बॅश ५.१ होतं. लॅबच्या नव्या मशीन्सवर ५.२. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या ५.२ मध्ये नवीन सोय आहे: बदली मजकुरात उघडा & दिसला तर त्याचा अर्थ ‘जे सापडलं तेच इथे टाक’. ही सोय आपोआप चालू असते. साधा & हवा असेल तर तो अवतरणचिन्हात ठेवायचा, नाहीतर ‘शॉप्ट’ कमांडने ती सोय बंद करायची. हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. ५.२ च्या मॅन्युअलमध्ये. मी वाचलं होतं ५.१ चं!

एका मुलीचं त्या प्रयोगाचं सबमिशन माझ्यामुळे परत आलं होतं. तिने एकदाही तक्रार केली नाही, उलट “ताई, माझंच काहीतरी चुकलं असेल” असं म्हणाली. ते मला जास्त लागलं. छापलेलं असलं की आपण स्वतःवर शंका घेतो, कागदावर नाही. मी सरांना जाऊन सांगितलं की चूक माझी आहे, आणि तिचं सबमिशन पुन्हा घेतलं गेलं. परीक्षेत त्या दिवशी मीही तशीच उभी होते. फरक एवढाच की या वेळी कागद माझा होता.

आमचे नियम

त्यानंतर आम्ही तिघींनी मिळून लॅब मॅन्युअल पुन्हा केलं. आमचे नियम असे:

१. आधी रन करा, मग लिहा. आठवणीतून एकही ओळ नाही. आणि रन जिथे वापरणार त्याच मशीनवर.

२. प्रत्येक प्रयोगाच्या डोक्यावर बॅशचं व्हर्जन आणि तपासल्याची तारीख.

३. नवं व्हर्जन बसवलं की आधी ‘न्यूज’ फाइल वाचा. पूर्ण मॅन्युअल वाचायला कोणाला वेळ नाही, ही फाइल तेवढी मोठी नाही.

४. एखादी गोष्ट बदलली की ती जिथे जिथे लिहिली आहे तिथे सगळीकडे बदला: प्रयोग, उत्तरं, अनुक्रमणिका.

५. ‘काय होतं’ याच्याबरोबर ‘काय होत नाही’ हेही लिहा.

६. लिहिणाऱ्याने स्वतःचं तपासू नये. ज्याला विषय येत नाही अशा माणसाकडून रन करून घ्या. (ही जबाबदारी माझ्या रूममेटकडे आहे. ती सिव्हिलला आहे.)

७. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी ‘बग्स’ हा मथळा.

सातव्या नियमावर एक सर जरा नाराज होते. चुका छापून कशाला द्यायच्या? मी त्यांना बॅशचं मॅन पेज उघडून दाखवलं. शेवटी ‘बग्स’ मध्ये लिहिणाऱ्यांनी स्वतःच कबूल केलंय की हा शेल फार मोठा आणि फार संथ आहे. शिवाय या पानाबद्दलच तक्रार असेल तर कोणाला कळवायची तेही दिलंय. जगभर चालणाऱ्या शेलला एवढी कबुली देता येते, तर आपल्या पंचवीस पानी झेरॉक्सला काय हरकत आहे? सर हसले आणि सही केली.

आता लॅबमध्ये दाराजवळ एक शंभरपानी वही ठेवली आहे. मॅन्युअलमध्ये चूक सापडली की त्यात लिहायची, खाली नाव घालायचं. आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत. चार माझ्याविरुद्ध आहेत. पहिली नोंद त्याच मुलीची आहे, आणि ती बरोबर आहे.

तर ज्युनियर मित्रमैत्रिणींनो, प्रॅक्टिकलला बसायच्या आधी एक काम करा. टर्मिनल उघडा, व्हर्जन बघा, मॅन्युअलच्या पहिल्या पानाशी जुळवा. जुळत नसेल तर वही दाराजवळच आहे.