फुटबॉलचा निर्णय दहावीच्या आधीचा

"दहावीपर्यंत खेळू दे, मग बघू." बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली, मेहकर, खामगावकडच्या पालकांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. बोलण्यात समजूतदारपणा वाटतो, पण मुलाला खरोखर व्यावसायिक फुटबॉल खेळायचा असेल तर दहावीपर्यंत थांबणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं. सोळाव्या वर्षी पोराला नीटच्या क्लाससाठी अकोल्याला नाहीतर लातूरला ठेवताना आपण डगमगत नाही. फुटबॉलमध्ये घर सोडण्याचा प्रश्न दहाव्या-बाराव्या वर्षीच दारात उभा राहतो, आणि तिथे भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. येऊ द्या, स्वाभाविक आहे. पण निर्णय टाळल्याने तो पुढे ढकलला जात नाही. तो आपोआप "नाही" होतो.

मुलं मोबाइलवर मार्टिन ओडेगार्डचे पास बघतात. आर्सेनलचा कर्णधार, नॉर्वेचा मिडफिल्डर. पालकांनीही त्याची कारकीर्द जरूर बघावी, मात्र गोलांच्या क्लिपा सोडून. 2014 मध्ये, पंधराव्या वर्षी, तो स्ट्रॉम्सगोडसेट या आपल्या गावाकडच्या क्लबकडून नॉर्वेच्या अव्वल लीगमध्ये उतरला. त्याच वर्षी देशाकडून खेळला. जानेवारी 2015 मध्ये थेट रेआल माद्रिद. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्यानंतरची सहा वर्षं कुणी सांगत नाही: माद्रिदच्या दुसऱ्या फळीचा संघ, मग हेरेनवेन, व्हिटेसे, रेआल सोसिएदाद, सगळीकडे उसनवारीवर. आर्सेनलमध्येही 2021 च्या जानेवारीत तो आधी उसनाच आला, कायमचा झाला ऑगस्टमध्ये. ज्याला पंधराव्या वर्षी सगळ्या युरोपने डोक्यावर घेतलं, त्याला पाय रोवायला बाविसावं वर्ष उजाडलं. शिवाय वडील त्याच स्ट्रॉम्सगोडसेटचे जुने खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक, म्हणजे जाणता डोळा घरातच होता.

नॉर्वेच्या क्रीडा महासंघाचा एक नियम मला फार आवडतो. तिथे अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांचे गुणतक्ते लावत नाहीत आणि तेराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. आपल्याकडे आठ वर्षांच्या पोराच्या हातात चषक देऊन स्टेटस ठेवलं जातं. त्या वयात बघायचंच असेल तर वेगळं बघा. मैदानाच्या कडेला उभे राहा आणि चेंडूवरची नजर काढून आपल्या मुलावर ठेवा. पास त्याच्याकडे यायच्या आधी तो मान वळवून मागे, बाजूला बघतो का? नॉर्वेचेच संशोधक गेइर योर्डेट यांनी मोठमोठ्या मिडफिल्डरांचं हेच मोजलं. चेंडू येण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात, त्यांचे पास जास्त नेमके जातात. ही सवय लहानपणी लावली तर लागते, आणि तिला पैसे पडत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या काळ्या मातीचा चिखल बुटांना किलोभर चिकटतो, पळणं मुश्कील होतं. तिथे मान वर ठेवून खेळणारा मुलगा लगेच उठून दिसतो.

मराठी मुलाचं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरचा अनिकेत जाधव. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे राज्य सरकारच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात गेला, मग पुणे एफसीची अकादमी, आणि 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताचा आघाडीचा खेळाडू. त्या स्पर्धेत भारत तिन्ही सामने हरला, तरी तो संघ अनेकांसाठी दार ठरला. पुढे इंडियन अॅरोज, जमशेदपूर, हैदराबाद. मधे इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावालाही जाऊन आला. पण अनिकेतच्या मागे कोल्हापूर होतं, हे विसरू नका. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यांना जिथे शाहू स्टेडियम भरतं, तिथल्या पोराला फुटबॉल शोधावा लागत नाही.

बुलढाण्याच्या मागे काय आहे? तिरंदाजी. बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषकात जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवून सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मासोबत सांघिक सुवर्ण. मोनाली जाधवने पोलीस दलात नोकरी करत 2019 मध्ये चेंगडूच्या जागतिक पोलीस स्पर्धेत सुवर्ण आणलं. दोघांच्या मागे प्रशिक्षक एकच, चंद्रकांत इलग. गावातच रोज उभा राहणारा जाणता माणूस असला की काय होतं, ते यात दिसतं. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: खेळ निवडण्याआधी रोज शिकवणारं कोण आहे ते बघा. मुलाचा जीव मैदानात रमतो, पण फुटबॉलच हवा असा हट्ट नसेल, तर त्याला एकदा तिरंदाजीच्या सरावाला घेऊन जा.

हट्ट फुटबॉलचाच असेल तर पहिलं काम कागदाचं. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून जन्मतारीख लावलेली असायची. अजूनही काही घरांत शाळेचा दाखला एक सांगतो आणि ग्रामपंचायतीचा जन्मदाखला दुसरंच. वयोगटाच्या फुटबॉलमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात. तारीख "जुळवून घेण्याचा" मोह धरलात तर मुलाची कारकीर्द सुरू होण्याआधीच संपेल.

मग शालेय स्पर्धा आणि सुब्रतो चषक: जिल्हा, अमरावती विभाग, राज्य, अशी ती शिडी. क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत 30 मीटर धाव, उभ्याने लांब उडी, शटल रन, मेडिसिन बॉल फेक, 800 मीटर असं सगळं मोजतात. तेव्हा नुसत्या ड्रिब्लिंगवर विसंबू नका. खासगी अकादमीत घालणार असाल तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता आहे का, प्रशिक्षकाकडे कोणतं लायसन्स आहे आणि मुलगा शाळेत कधी जाणार, हे विचारा. "परदेशात ट्रायल लावून देतो, आधी पैसे भरा" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

आता कटू भाग. 2025 च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी कामकाज, पगार थांबवले. देशातल्या सर्वांत वरच्या पायरीची ही गत असेल तर दहावी-बारावी आणि पदवी सोडण्याचा प्रश्नच येत नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे; शारीरिक शिक्षणाची पदवी आपल्या विभागातच मिळते. प्रशिक्षणाचं डी लायसन्स, मग सी, बी अशी चढण आहे, रेफरीची वाट आहे. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी वरच्या पातळीची कामगिरी आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी लागते. ती प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून फाइलला लावा.

मुलगी खेळते म्हणत असेल तर वरचं सगळं तिलाही जसंच्या तसं लागू. तिला घरी बसवण्यासाठी वेगळं कारण शोधू नका.

तुमचं मूल पाचवी-सहावीत असेल तर दिवाळीची वाट बघू नका. याच महिन्यात जन्मदाखला आणि शाळेची नोंद समोरासमोर ठेवून तपासा आणि बुलढाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन प्रबोधिनीच्या पुढच्या चाचणीची तारीख विचारून या. मुलाला सोबत न्या.