दिवाळीचा ढासळलेला किल्ला : एक पाठ

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली की पहिल्या दिवशी आपण वर्गात विचारतो, "किल्ला कोणी कोणी केला?" ज्यांचा किल्ला चांगला झाला ती मुले हात उंच करतात. ज्यांनी केलाच नाही ती खाली पाहतात. परंतु बहुतेक वर्गांत आणखी एक तिसरा गट असतो. त्यातील मुलांनी किल्ला केलेला असतो, पण तो तडकलेला किंवा ढासळलेला असतो. ती मुले हात वर करीत नाहीत आणि आपल्या नोंदवहीत न करणाऱ्यांत जमा होतात. प्रस्तुत लेख या तिसऱ्या गटाविषयी आहे.

माझी एक चूक

मी नव्यानेच शिक्षक झालो होतो. निफाड तालुक्यातील एका खेड्यात चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. इतिहासात शिवछत्रपतींचे चरित्र शिकविले जात असल्याने सुटीत प्रत्येकाने मातीचा किल्ला करावा, असे मी सांगितले होते. सुटीनंतर एका मुलाने मान खाली घालून "नाही केला, गुरुजी," असे उत्तर दिले. मी वहीत तशी नोंद केली आणि पुढच्या मुलाकडे वळलो.

आठ-दहा दिवसांनी त्याच्या घरावरून जात असता अंगणाच्या कोपऱ्यात काळ्या मातीचा एक ढीग दिसला. त्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि एक बाजू पार खाली बसली होती. दुसऱ्या बाजूच्या पायऱ्या व एक बुरूज मात्र शाबूत होता. भेगांच्या कडेने पेरलेले हळीव चार बोटे वाढून पिवळे पडू लागले होते. मुलाची आजी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "चार दिवस खपला पोरगा, गुरुजी. पण माती आणली शेतातली. काळीची भिंत कुठं उभी राहती का? पांढरी आणायची व्हती."

त्या एका वाक्याने माझ्या दोन चुका मला दिसल्या. पहिली ही की, सुबक किल्ल्यांचेच कौतुक करणाऱ्या माझ्या वर्गात ढासळलेल्या किल्ल्याला जागाच नव्हती. चार दिवस राबलेल्या मुलाला 'नाही केला' असे खोटे बोलावयास मीच शिकविले होते. दुसरी ही की, किल्ला का पडला याचे जे कारण आजीला ठाऊक होते, ते डी. एड. झालेल्या मला ठाऊक नव्हते.

किल्ला का ढासळतो?

आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. ही नुसती नावे नाहीत, तो मातीच्या गुणांचा अनुभव आहे. काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार होते. तिचे कण अतिशय सूक्ष्म असून त्यांच्या थरांमध्ये पाणी शिरते. त्यामुळे ती ओली झाली की फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या रुंद भेगा मुलांनी पाहिलेल्या असतातच. किल्ल्याच्या भेगा त्याच होत. पांढरी माती त्या मानाने कमी आकसते. म्हणूनच घराच्या भिंतींना व धाब्यांना जुने लोक ती वापरीत.

दुसरे कारण वाळण्याच्या रीतीत आहे. एकाच दिवशी सगळा चिखल थापला तर वरचा थर उन्हाने वाळून आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि वरचा थर फाटतो.

तिसरे कारण उताराचे. आपल्या जिल्ह्यातील साल्हेर, रामशेज, हरिहर या किल्ल्यांचे कडे उभे आहेत, कारण ते कातळाचे आहेत. मातीचा कडा तसाच उभा करावयाचा तर आत दगड नीट रचून, त्यांवर गोणपाट पसरून मगच माती लिंपली पाहिजे.

वर्गात घ्यावयाचा पाठ

साहित्य : काळी माती, पांढरी माती, वाळू, गव्हाचा भुसा, लाकडी फळी, थोडे तेल, खिळा, मोजपट्टी.

कृती : (१) मुलांचे तीन गट करावेत. पहिल्याने नुसती काळी माती घ्यावी, दुसऱ्याने पांढरी, तिसऱ्याने काळीत वाळू व भुसा मिसळून घ्यावा. (२) माती चांगली मळून तेल लावलेल्या फळीवर सुमारे १५ सें.मी. लांब, ४ सें.मी. रुंद व २ सें.मी. जाड अशी पट्टी थापावी. (३) पट्टीवर खिळ्याने बरोबर १० सें.मी. अंतरावर दोन खुणा कराव्यात. (४) पट्ट्या सावलीत ठेवून रोज त्याच वेळी अंतर मोजावे व वहीत लिहावे. (५) पट्टी पूर्ण वाळली की शेवटचे माप घ्यावे.

१० सें.मी. चे ९ सें.मी. झाले असतील तर माती शेकडा १० आकसली. येथे शेकडेवारी आपोआप गणितात येते. खालच्या वर्गांनी मिलिमीटर मोजून वजाबाकी करावी. कोणती माती किती आकसली याचे उत्तर शिक्षकाने आधी सांगू नये. प्रत्येक गावची माती निराळी असते.

या पाठासाठी गावातील एखाद्या वृद्ध स्त्रीस, गवंड्यास किंवा कुंभारास अवश्य बोलवावे. कुंभार आपल्या मातीत राख किंवा लीद का मिसळतो, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. सिमेंटची घरे झाल्यापासून पांढरीचे ज्ञान असणारी माणसे कमी होत चालली आहेत.

एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. पांढरी मातीसाठी जुनी गढी किंवा टेकाड उकरू नये. अशा जागी प्राचीन वस्तीचे अवशेष असतात. नाशिक शहरातील गोदाकाठच्या मातीच्या गढीत १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननातून शहराचा प्राचीन इतिहास उजेडात आला. पडक्या घराची माती मालकाच्या संमतीने घ्यावी.

इतिहासाशी जोड

मुलांना आपल्या जवळचा किल्ला करावयास सांगावे. दिंडोरी तालुक्यातील रामशेजला मोगलांनी १६८२ साली वेढा घातला आणि किल्ल्याने तो कित्येक वर्षे दाद दिली नाही. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मराठ्यांनी लाकडाच्या तोफा करून मारा केला, असे खाफीखानाने लिहून ठेवले आहे. हाताशी असलेल्या साहित्याचे गुण ओळखून काम करणे म्हणजे काय, हे मुलांना यावरून चांगले समजते.

नोंद कशी करावी?

वर्णनात्मक नोंदीत 'किल्ला सुंदर केला' एवढे लिहून भागत नाही. आज बाजारात तयार किल्ले मिळतात, काही घरी वडील मंडळीच किल्ला करतात, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेल्या छायाचित्रावरून हे ओळखता येत नाही. म्हणून तीन गोष्टी नोंदवाव्यात : मुलाने स्वतः काय केले, कोठे अडले, आणि पुन्हा करताना तो काय बदलणार आहे. ज्याचा किल्ला ढासळला त्याच्याजवळ शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा सर्वांत चांगली असतात.

मी त्या मुलाची नोंद खोडून नवी केली आणि चूक माझी होती, हे वर्गासमोर सांगितले. दुसऱ्या दिवशी तो तडकलेल्या मातीचे एक ढेकूळ घेऊन आला. त्यावर हळिवाची मुळे दिसत होती. आमच्या वर्गातील पहिली पट्टी त्या ढेकळाच्या मातीची झाली.

येत्या सुटीनंतर शिक्षक बंधुभगिनींनी नेहमीच्या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडावा : "कोणाचा किल्ला पडला, आणि का?" आणि हात वर होईपर्यंत थोडे थांबावे.