उजेडाची जागा राखून ठेवा

पेस्टलच्या चित्रात उजेड सगळ्यांत शेवटी चढतो आणि सगळ्यांत आधी गळतो. जयसिंगपूर आणि शिरोळ तालुक्यातल्या गावांत ऊन-सावलीची चित्रं करताना मला जे काही भोवलं, ते सगळं या एका वाक्याच्या आसपासचं आहे. नव्यानं पेस्टल हातात घेणाऱ्यांचे कागद आणि कांड्या वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी माध्यमाचा स्वभाव समजून घ्या. सॉफ्ट पेस्टलची कांडी म्हणजे रंगद्रव्य, थोडी पांढरी भुकटी आणि दोन्ही जेमतेम धरून ठेवण्यापुरता डिंक. हा रंग जलरंगासारखा कागदात मुरत नाही आणि तैलरंगासारखा वाळून घट्टही होत नाही. तो कागदाच्या दाण्यांत अडकून बसतो, एवढंच. त्यामुळे किती थर चढतील, हे कागदाचा दाणा ठरवतो. दाणे भरले की कागदाचं पोट भरलं. मग कितीही भारी कांडी फिरवा, ती वरून नुसती घसरते. आणि पंचाईत अशी, की उन्हाची तिरीप काढायची वेळ नेमकी तेव्हाच आलेली असते.

मला हे खिद्रापूरला कळलं. कोपेश्वराच्या देवळातला स्वर्गमंडप वरून गोल उघडा आहे. आत बारा खांबांचं कडं आणि उघड्या छताच्या बरोबर खाली गोल शिळा. सकाळी उन्हाचा कवडसा पश्चिमेकडच्या खांबांवर असतो. दिवस वर येईल तसा तो खाली उतरत जमिनीवर येतो. उजेड शिकायला याहून चांगली जागा आमच्या तालुक्यात नाही. काळा पाषाण दिसला की हात आपोआप काळ्या कांडीकडे जातो, तसा माझाही गेला. खांब, छत, कोपरे काळ्यानं भरले, बोटानं घासून गुळगुळीत केले. सावली छान दाट झाली. मग कवडशासाठी फिकट पिवळी कांडी लावली, तर खालचा काळा वर येऊन ती मळकट झाली. जोर दिला तर कांडी मोडली. देऊळ ओळखू येत होतं, पण त्यात ऊन कुठंच नव्हतं.

यात दोन गोष्टी एकदम चुकतात आणि बहुतेक नवशिक्यांच्या चुकतात. पहिली म्हणजे, सावलीतच कागद संपवून टाकणं. घासलं की रंगाची भुकटी दाण्यांच्या तळापर्यंत जाऊन बसते आणि वरच्या थराला पकड उरत नाही. दुसरी म्हणजे, सावली काळी असते असं धरून चालणं. स्वर्गमंडपात नीट उभं राहून पाहा. बाहेरच्या अंगाचे खांब मोकळ्या आकाशाचा निळसर उजेड घेतात. जमिनीवर पडलेलं ऊन उसळून वर जातं आणि खांबांच्या माथ्यांना खालून किंचित उबदार करतं. म्हणजे एकाच दगडाच्या एकाच सावलीत एक बाजू थंड आणि दुसरी गरम. काळ्या कांडीनं हे दोन्ही मारून टाकलं, की उरतो तो नुसता अंधार.

म्हणून आता मी ज्या क्रमानं काम करते, तो सांगते. पांढरा कागद घेऊ नका. राखाडी, मातकट किंवा फिकट तपकिरी घ्या. मधली छटा कागदच देतो, तेवढे थर वाचतात. पेस्टलच्या कागदाच्या दोन बाजू बहुधा सारख्या नसतात. एकीवर जाळीसारखा ठसा असतो, दुसरी बारीक दाण्याची असते. आधी कोपऱ्यात घासून बघा आणि मगच बाजू ठरवा. सरावासाठी बारीक पॉलिश पेपरही चालतो, त्यावर पुष्कळ थर बसतात. फक्त जपून ठेवायचं चित्र त्यावर काढू नका.

डोळे किलकिले करून समोरचं दृश्य तीन छटांत वाटून घ्या: गडद, मधली, उजळ. तपशिलाला इतक्यात हात लावू नका. सुरुवातीला कडक कांडी आडवी धरून, हलक्या हातानं गडद भाग टाका. गडद म्हणजे काळा नव्हे; गर्द निळा, जांभळा, बाटलीहिरवा, करडा तपकिरी यांतले दोन रंग एकमेकांवर विरळ टाकले की सावली तयार होते आणि तिच्यात हवा राहते. मग मधल्या छटा. मऊ कांड्या शेवटासाठी ठेवा आणि सगळ्यांत उजळ फटकारा एकदाच मारून हात काढून घ्या. उन्हातली भिंतसुद्धा निव्वळ पांढरी नसते. ती सायीसारखी किंवा फिकट पिवळी असते. पांढरी कांडी पितळी भांड्यावरच्या झळाळीसाठी ठेवा.

छटांबद्दल एक नियम सगळीकडे ऐकू येतो, की सावलीतली सगळ्यांत उजळ जागासुद्धा उन्हातल्या सगळ्यांत गडद जागेपेक्षा गडद असते. एकाच भिंतीला किंवा एकाच कापडाला हा नियम लागू पडतो. पण झाडाखाली बसलेल्या माणसाचं पांढरं धोतर आणि उन्हात उभी असलेली काळी म्हैस यांना तो लावलात, तर चित्र खोटं दिसेल. नियम पाठ करा, पण डोळ्यांवर भरवसा ठेवा.

जयसिंगपूरकरांना सरावाला लांब जायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या, नावानं हे गाव आखून वसवलं. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि त्यांना नावांऐवजी क्रमांक. सावलीच्या अभ्यासाला ही आखणी फार सोयीची आहे. कुठल्याही चौकात उभे राहा: एका रस्त्यावर ऊन लांबवर सरळ पसरलेलं असतं आणि त्याच वेळी दुसऱ्या रस्त्याची एक बाजू पूर्ण सावलीत असते. कागदावर दोन वेगळी चित्रं मिळतात आणि पाय हलवावा लागत नाही.

फक्त वेळेचं भान ठेवा. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. तुम्ही कौलं रंगवेपर्यंत वळचणीची सावली खाली आलेली असते. म्हणून बसल्याबरोबर आधी सावल्यांच्या कडा आखून घ्या आणि नंतर त्या सरकल्या तरी बदलू नका. अर्ध्या सावल्या आठच्या आणि अर्ध्या साडेनऊच्या असलेलं चित्र बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं.

ऋतूचंही तसंच. आपल्याकडे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या सुमाराला आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस तो हाच. त्या दिवसांत दुपारी पेटी उघडण्यात अर्थ नाही, सगळं सपाट दिसतं. कार्तिकापासून माघापर्यंत ऊन तिरकं असतं, सावल्या लांब पडतात आणि दुपारीही काम करता येतं. याच दिवसांत उसाला तुरे येतात. संध्याकाळी सूर्य उसाच्या फडामागे असताना ते तुरे कडेनं पेटतात. गडद फडावर मऊ कांडीचा एकेक फटकारा, एवढंच त्याला लागतं; पण त्यासाठी फडात दाणे मोकळे असले पाहिजेत.

सावलीची कड कुठं धारदार आणि कुठं पुसट काढायची, याचं उत्तर सूर्यात आहे. तो बिंदू नाही; आपल्याला तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे सावली पाडणारी वस्तू जितकी दूर, तितकी कड पसरते: अंतराच्या मीटरमागे जवळजवळ एक सेंटिमीटर. दारातल्या घागरीची सावली बुडाशी धारदार असते. तीन मीटरवरच्या पत्र्याच्या सावलीची कड तीनेक सेंटिमीटर विरघळलेली असते. बोटानं घासायचं असेल तर ते इथं, दूरच्या कडेला. बाकी सावली कांडीच्या रेघांचीच राहू द्या.

घासणं मुळातच वाईट, असा याचा अर्थ काढू नका. कोल्हापूरला राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. सिनेमातला हा नट (1913–2001) पावडर शेडिंगनं निसर्गचित्रं करायचा. कोरड्या रंगाची पूड कागदावर चोळतच चढवायची, हेच त्या पद्धतीचं अंग. धुकं, दूरचे डोंगर, पाण्याची वाफ यांना ती शोभते. कांडीचं बळ वेगळं आहे: तिचा फटकारा ताजा राहिला, तर त्यातले कण उजेड परतवतात. दोन्ही पद्धतींची चित्रं समोरासमोर पाहिली की कुठं चोळायचं आणि कुठं थांबायचं, हे आपोआप उमगतं. आबालाल रहिमान (मृत्यू 1931) यांची रंकाळ्याची चित्रं पाहायला मिळाली, तर सोडू नका. माध्यम कुठलंही असो, पाण्यावरचा उजेड किती थोडक्यात सांगता येतो, हे तिथं दिसतं.

मोबाईलवरच्या फोटोवरून काम करणाऱ्यांनाही सांगायचंय. फोन सावली एकतर काळी करतो किंवा उगीच उजळतो. तिच्यातला निळा आणि तांबूस फरक दोन्हींत जातो. फोटो आकारांसाठी ठेवा. रंगांची टिपणं मात्र जागेवर, कागदाच्या तुकड्यावर करा.

चित्र झालं म्हणजे धोका टळला असं नाही. फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी धरून ठेवणारा फवारा, मारला की फिकट रंग उतरतात, गडद आणखी गडद होतात. म्हणजे मार बसतो तो उजेडालाच. मधल्या थरांवर तो हातभर अंतरावरून, हलका मारावा. देगासारखा चित्रकार थरांच्या मधेच तो वापरायचा. शेवटच्या उजळ फटकाऱ्यांवर मारूच नका. काम करताना बोर्ड किंचित पुढं कलता ठेवा, म्हणजे धूळ चित्रावरून न घसरता खाली पडते. ती फुंकू नका, कागदाच्या पाठीवर टिचकी मारा. काही रंगद्रव्यं विषारी असतात, म्हणून जेवणाआधी हात धुवा आणि टेबल ओल्या फडक्यानं पुसा.

फ्रेमच्या बाबतीत तर तोंडी सांगण्यावर राहू नका. एका दुकानात माझ्या चित्रावर काच थेट टेकवून मिळाली. काही दिवसांत चित्रातलं सगळं ऊन काचेच्या आतल्या बाजूला लागलं होतं. जाड माउंट हवा, काच आणि कागद यांत मोकळी जागा हवी, हे पावतीवर लिहून घ्या. ॲक्रिलिकची शीट घेऊ नका, ती घासली की भुकटी स्वतःकडे ओढते. पावसाळ्यात न मढवलेली चित्रं बटर पेपरमध्ये, आडवी, भिंतीपासून दूर ठेवा. आमच्या भागातल्या ओलीत कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

शाळकरी मुलांच्या पालकांसाठी एवढंच: एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करणाऱ्या मुलांच्या हातात बहुधा ऑइल पेस्टल असतं. त्यात मेण असतं, ते पूर्ण वाळत नाही, पण त्यात उजेड परत मिळवता येतो: वरचा गडद थर खरवडला की खालचा फिकट रंग दिसतो. म्हणून तिथं फिकट आधी आणि गडद नंतर. वस्तुचित्रात सावली वस्तूच्या बुडाला चिकटलेली असावी. सुटी पडली की मडकं हवेत तरंगतं.

सुरुवातीला मोठी पेटी घेऊ नका. गर्द निळी, तपकिरी, गेरू, मधली राखाडी, फिकट पिवळी आणि पांढरी, एवढ्या सुट्या कांड्या आणि मातकट कागद पुरे. आपल्याच गल्लीतलं एक दार निवडा, सावलीचे दोनच थर द्या आणि हात आवरा. कागद अपुरा भरल्यासारखा वाटेल. तसाच वाटू द्या आणि मग ऊन लावा.