आधी कान, मग जीभ

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस की लेक साडेचारचा झाला तरी 'काका'ला 'ताता' आणि 'गाय'ला 'दाय' म्हणतो. स्पीच थेरपिस्टसमोर छान बोलतो, पण जिना उतरेपर्यंत 'ये रे माझ्या मागल्या'. माझा जन्म याच कामात गेला. काही युक्त्या मला माझ्या बाईंनी शिकवल्या, काही मुलांनीच शिकवल्या. फोनवर निम्म्या राहून जातात, म्हणून लिहून पाठवते.

सगळ्याचं सार आधी सांगते. आवाज कसा काढायचा हे थेरपिस्ट शिकवतात. तो आवाज दिवसभर कामाला लावायचं काम मात्र घरातल्यांचं. आठवड्यातली पाऊण तासाची भेट त्याला पुरत नाही. पण म्हणून घरात दुसरी शाळा उघडू नकोस. पाटी-पेन्सिल घेऊन समोर बसलीस की मूल तोंड मिटून बसलंच म्हणून समज.

जिभेला दोष देण्याआधी कान तपासून घे

'दार वाजलं की वळून बघतो, म्हणजे ऐकू येतं' यावर विसंबू नकोस. दाराचा आवाज जाड असतो, 'स' आणि 'श' बारीक, उंच पट्टीचे. एखाद्या मुलाला दार ऐकू येतं आणि 'स' निसटतो. वरचेवर सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साठू शकतो. मग आज नीट ऐकू येतं आणि पुढच्या आठवड्यात कमी. त्यामुळे तज्ज्ञाकडून श्रवणतपासणी झालीच पाहिजे. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून हेच काम करते. जिल्ह्याच्या ठिकाणी, २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करता येते. आणि थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नकोस. विचारणं हा तुझा हक्क आहे.

शेजारच्या ज्या मुलीबद्दल तू विचारलंस, तिला श्रवणयंत्र आहे. तिच्या आईला सांग, यंत्र चढवल्यावर रोज सकाळी सहा आवाजांची परीक्षा घे: म, ऊ, ई, आ, श, स. तोंड दिसू नये म्हणून मुलीच्या मागे उभं राहायचं, क्रम रोज बदलायचा आणि दोन आवाजांमधलं अंतरही बदलायचं. आवाज ऐकू आला की तिने डब्यात एक मणी टाकायचा. काल ऐकू आलेला 'स' आज आला नाही, तर आधी बॅटरी बघायची, मुलीला रागवायचं नाही.

त्याला परीक्षक कर, स्वतः विद्यार्थी हो

तुझा लेक 'ताता' म्हणतो, पण तूच 'ताता आले' म्हणालीस तर चिडेल. करून बघ. दुसऱ्याची चूक मुलाला कळते, स्वतःची कळत नाही. आमच्या बाई म्हणायच्या, हा फरक हीच आपली पहिली शिडी.

खेळ असा. भाजी निवडताना तूच म्हण, "आज ताकडीची कोशिंबीर करू?" तो डोळे मोठे करून बघेल. "बरोबर म्हटलं का रे मी?" असं विचार. तो नाही म्हणाला की मान खाली घालून "काकडी, काकडी" असं दोनदा म्हण आणि त्याच्याकडून शाबासकी घे. मध्येच बरोबरही बोल, नाहीतर तो न ऐकताच 'चूक' म्हणू लागेल. या खेळात त्याने एकही शब्द म्हटला नाही तरी चालेल. कानाला 'क' आणि 'त' वेगळे कळायला लागले की जीभ मागून येते.

त्यापुढचा खेळ शब्दांच्या जोड्यांचा. 'कार' आणि 'तार', 'काप' आणि 'ताप' अशा जोड्यांची चित्रं जमिनीवर मांड. आता हुकूम त्याचा. तो जे म्हणेल तेच चित्र उचलायचं, त्याच्या मनात काय आहे ते ओळखून उचलायचं नाही. त्याला कार हवी असते, तोंडून 'तार' येतं, तू शांतपणे तार हातात देतेस. तो वैतागतो, मग नीट बघतो आणि जीभ मागे नेऊन दुसऱ्यांदा म्हणतो. 'चुकलास' असं सांगावंच लागत नाही. दोन-तीनदा देऊनही जमलं नाही, तर खेळ हसत बदल. रडवायचं नाही.

शब्द निवडून दे

बाजारातल्या चित्रांच्या पुस्तकात 'क'साठी कुत्रा, कात्री, किल्ला असतात. सुरुवातीला हे तिन्ही शब्द बाजूला ठेव. 'क'ला जिभेची पाठ मागे टाळूला लागते, 'त'ला टोक पुढे दातांना लागतं. म्हणून तर आपल्या वर्णमालेत एक कंठ्य आणि दुसरा दंत्य आहे. ज्याची जीभ आधीच पुढे पळते, त्याला 'कुत्रा' आणि 'कात्री'मधला 'त' पुन्हा पुढे ओढतो. 'की'मधली 'ई'सुद्धा जिभेला पुढे आणते. 'का', 'को', 'कू' सोपे जातात. तेव्हा काका, काकू, कान, कोबी, काकडी, कोकम, कप यांपासून सुरू कर. काही मुलांना शब्दाच्या शेवटचा 'क' आधी जमतो: नाक, चाक, एक. त्याला कुठला आधी येतो ते बघ आणि तिथून धर.

आवाज अडला तर त्याला उताणं झोपवून 'का, का' म्हणायला सांग. जीभ आपसूक मागे पडते. आरशासमोर टॉर्च मारून दाखव, की 'का' म्हणताना जिभेचं टोक खालच्या दातांमागे निवांत पडलेलं असतं. चमच्याच्या दांड्याने जीभ दाबायला मात्र जाऊ नकोस, ते थेरपिस्टच्या हाताचं काम.

आणि एका वेळी एकच अक्षर. 'कुकर'मधला 'क' जमला आणि 'र'चा 'ल' झाला, तर 'कुकल' म्हणू दे, शाबासकी दे. 'र' यायला पुष्कळ मुलांना पाच-सहा वर्षं लागतात. त्याची पाळी नंतर येईल.

दहापैकी आठ

पायऱ्या ठरलेल्या आहेत: सुटा आवाज, मग 'का-को-कू', मग शब्द, मग 'गरम कप' अशी दोन शब्दांची जोडी, मग वाक्य, मग गोष्ट आणि शेवटी गप्पा. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं की वर चढायचं. पाचांच्या खाली गेलं की मुकाट्याने एक पायरी उतरायचं. उतरण्यात कमीपणा नाही. घाईने वाक्यावर नेलेलं मूल जुनी सवयच घोटत बसतं.

वेळ थोडा, पण रोजचा. सकाळी पाच-सात मिनिटं, संध्याकाळी पाच-सात मिनिटं. रविवारी तासभर बसवण्यापेक्षा हे शतपटीने बरं. दिवसाच्या कुठल्या तरी नेमाला बांधून टाक: डबा भरताना, बस येईपर्यंत, अंघोळीच्या वेळी. फ्रिजवर एक वही लटकव, तारीख, शब्द आणि बरोबर-चूक एवढंच लिही. महिन्यातून एकदा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ, तोही खेळताना, पाठ म्हणताना नको. थेरपिस्टला त्यातून जे कळेल ते तुझ्या अर्ध्या तासाच्या वर्णनातून कळणार नाही.

एरवी टोकू नको, परत म्हण

सरावाच्या त्या दहा मिनिटांत चूक दाखव. बाकी दिवसभर नाही. शाळेतून धावत येऊन तो सांगतो, "आई, ताता आले!" तेव्हा "नीट म्हण, का-का" असं म्हणालीस, तर काका राहिले बाजूला आणि त्याचा आनंदही गेला. त्याऐवजी म्हण, "अरे वा, काका आले? काकांनी काय आणलं? चल, काकांना पाणी देऊ." तीनदा बरोबर शब्द कानावर पडला आणि गप्पाही चालू राहिल्या. त्याच्याकडून वदवून घ्यायची गरज नाही.

शाबासकी नेमकी दे. नुसतं 'व्हेरी गुड' म्हटलं तर त्याला कळत नाही काय गुड झालं. "आत्ता जीभ मागे गेली, मी ऐकलं," असं म्हण.

पाहुण्यांसमोर "काकांना म्हणून दाखव बघू" हे बंद. आजोबांना 'ताता' गोड वाटतं आणि घरभर सगळे तसंच बोलायला लागतात, तेही बंद. आजोबांना दुखवू नकोस, त्यांना कामाला लाव. आठवड्याचा शब्द त्यांच्याकडे दे. या आठवड्यात 'कोकम' असेल, तर जेवताना दहा वेळा कोकमाचा विषय काढायची जबाबदारी आजोबांची. हे काम ते आईबापांपेक्षा चांगलं करतात, असा माझा अनुभव आहे.

अजून बोलतच नसेल तर

तुझ्या जावेचं दोन वर्षांचं बाळ दोन शब्द जोडून बोलत नाही. तिला सांग, 'बापही उशिरा बोलला होता' म्हणत थांबू नको, दाखवून घे. घरी मात्र प्रश्नांची सरबत्ती थांबव. "हे काय? ते काय? गाय कशी ओरडते?" ही परीक्षा झाली. बिस्किटांचा डबा दिसेल पण हाताला येणार नाही असा ठेव. "दूध की ताक?" असं दोन्ही हातांत धरून विचार आणि मग गप्प राहा. मनात दहा अंक मोज. आपल्याला ती शांतता असह्य होते आणि आपणच उत्तर देऊन टाकतो. बाळ 'गाडी' म्हणालं तर तू 'लाल गाडी' म्हण, एकच शब्द वाढव. बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द सोडून दे आणि वाट बघ.

शाळेने इंग्रजीत बोला म्हटलं म्हणून मराठी सोडायची नाही. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. आईला ज्या भाषेत मनापासून बोलता येतं, त्याच भाषेत तिने बोलावं.

अडखळणाऱ्याला 'हळू बोल' म्हणू नको

दोन ते पाच वर्षांच्या पुष्कळ मुलांचं बोलणं काही काळ अडखळतं आणि बहुतेकांचं सुटतं. "श्वास घे, हळू बोल" या सांगण्याने त्याला एवढंच कळतं की आपल्या बोलण्यात काहीतरी खोट आहे. तू स्वतः सावकाश बोल, त्याच्या तोंडाकडे बघून पूर्ण ऐक, वाक्य त्याचं त्यालाच संपवू दे. सहा महिन्यांत कमी झालं नाही, बोलताना चेहरा ताणला जातो किंवा घरात कुणाला हा त्रास आहे, तर थेरपिस्टकडे जा.

घरगुती उपाय

वेखंड उगाळून जिभेला लावू नका. बोलणं सुधारत नाही, उलट्या होऊ शकतात. तोंडात खडे ठेवून बोलायला लावू नका, घशात अडकतील. 'जिभेखालची तार कापा म्हणजे बोलेल' असं कुणी म्हटलं, तर थेरपिस्टला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. त्या तारेमुळे बोलणं लांबल्याची उदाहरणं फार थोडी. फुगे फुगवणं आणि शिट्टी वाजवणं ही मजा आहे, खुशाल करा. पण त्याने 'क' येत नाही. 'क' म्हणूनच 'क' येतो.

आणि एक

सरावात अक्षर येऊन गप्पांत न येण्याचा काळ सगळ्यात लांब असतो, कधी कधी महिनोन्महिने. बहुतेक आया इथेच खचतात. त्या दिवसांत सगळं बोलणं सुधारायला जाऊ नकोस, एकच वेळ ठरव, समजा रात्रीचं जेवण. तेवढ्या वेळेत 'क' जपायचा, बाकी दिवस माफ. तिथे पक्का झाला की मग बसची वेळ घे. ताप आला, लग्न निघालं, सराव बुडाला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नकोस. नेहमीची दहा मिनिटंच कर. आणि तुझाच जीव मेटाकुटीला आला, तर थेरपिस्टला तसं स्पष्ट सांग. अभ्यास कमी करून देणं हेही त्यांचंच काम आहे.